बेटावर आधी काय ठरवावं: वीज, पाणी की कचरा?

छोट्या बेटावर पर्यटनाचा काही बेत ठरला की बोलणं विजेपासून सुरू होतं. सोलर घ्यायचं की जनरेटर, केबल येईल का, बॅटरी केवढी लागेल. पाण्याचं 'बघू', आणि कचऱ्याचं तर कोणी नावही काढत नाही. मला हा क्रम उलटा वाटतो. मैलापाणी कुठे जाणार हे आधी ठरलं नाही, तर विहिरीचं पाणी नासतं. विहीर गेली की समुद्राचं पाणी गोडं करावं लागतं, आणि ते करायचं म्हटलं की विजेचा सगळा हिशेब बदलतो.

हा आढावा दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, बेटावरच्या ग्रामपंचायतीत बसून योजना निवडणारे. दुसरे, पंधरा-वीस खोल्यांचं रिसॉर्ट बांधायला किंवा भाडेपट्ट्याने घ्यायला निघालेले. तुलनेसाठी चार ठिकाणं घेतली आहेत, कारण चौघांनी चार वेगळ्या वाटा धरल्या. क्रम उलटा हवा असं म्हणूनही सुरुवात विजेपासूनच करतो. पैसे तिथेच जास्त जातात आणि विकणारेही तिथेच जास्त भेटतात.

| | घारापुरी | कवरत्ती (लक्षद्वीप) | मालदीवमधलं रिसॉर्ट | एल हिएरो (स्पेन) |
|---|---|---|---|---|
| जमीन | काळा कातळ, डोंगर | प्रवाळाची वाळू, सपाट | प्रवाळाची वाळू, सपाट | ज्वालामुखीचा उंच डोंगर |
| वीज | समुद्राखालून केबल | डिझेल, जोडीला सोलर | स्वतःचं डिझेल, काही ठिकाणी सोलर | वारा, जलविद्युत, अडीअडचणीला डिझेल |
| पाणी | पावसाचा साठा, विहिरी | विहिरी, पाऊस, समुद्राचं पाणी गोडं करून | मुख्यतः समुद्राचं पाणी गोडं करून (आरओ) | भूजल आणि समुद्राचं पाणी गोडं करून |
| पाहुणे | दिवसा येतात, संध्याकाळी परततात | परवाना घेऊन, मोजके | मुक्कामी, बारा महिने | मुक्कामी |

वीज

घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेणी असलेल्या बेटाला, वीज आली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वाड्यांना तोवर संध्याकाळचे तीनेक तास जनरेटरची वीज मिळायची. महावितरणने सुमारे साडेसात किलोमीटरची केबल समुद्राच्या तळातून नेली. खर्च २५ कोटींच्या घरात गेला आणि वस्ती जेमतेम बाराशेची. डोईमागे दोन लाख रुपये! कुठल्याही ग्रामपंचायतीला किंवा रिसॉर्टवाल्याला हे झेपणारं नाही. इथे सरकारलाच हात घालावा लागतो. पण एकदा केबल आली की घारापुरीच्या घरगुती ग्राहकाला दर तोच, जो उरणच्या ग्राहकाला. बोटीतून डिझेलचे कॅन उतरवायला नकोत, बॅटरी बदलायला नको. रोजच्या खर्चाच्या बाबतीत या पर्यायाला तोड नाही.

धोका एकच, पण मोठा. जहाजाचा नांगर केबलमध्ये अडकला किंवा जोडामध्ये पाणी शिरलं, तर दुरुस्तीला बार्ज, पाणबुडे आणि शांत समुद्र असं तिन्ही एकाच वेळी लागतं. जून ते सप्टेंबर समुद्र शांत नसतो. म्हणून केबल आली तरी पाण्याचा पंप, दवाखाना आणि धक्क्यावरचे दिवे चालतील एवढा जनरेटर ठेवायचाच. जुना भंगारात काढण्याची घाई करू नये.

कवरत्ती कोचीपासून ४०० किलोमीटर. तिथे विजेच्या केबलचा विषयच निघत नाही. इंटरनेटची केबल मात्र जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, कोची ते लक्षद्वीपची बेटं मिळून १,८६८ किलोमीटर. ते पाहून 'मग विजेची का नाही' असं कोणी विचारलं, तर उत्तर सोपं आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो आणि तो अख्ख्या द्वीपसमूहाला पुरतो. वीज एवढ्या लांबून न्यायची तर दोन्ही टोकांना महागडी परिवर्तन केंद्रं लागतात, आणि पलीकडे ६४ हजार लोकांची मागणी त्या खर्चापुढे किरकोळ आहे. त्यामुळे तिथे डिझेल जहाजाने येतं, त्यावर वीज तयार होते, आणि निर्मितीचा खर्च व ग्राहकाचा दर यांतली फट सरकारी तिजोरी भरते. कवरत्तीत बॅटरीची जोड असलेला सौर प्रकल्प २०२४ च्या सुरुवातीला सुरू झाला. ही दिशा बरोबरच आहे. अडचण जागेची: सगळ्या लक्षद्वीपची जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, आणि त्यावर माडांची दाटी.

एल हिएरोचं नाव सोलर विकणाऱ्यांच्या सादरीकरणात हमखास येतं, म्हणून ते इथे घेतलं. २०१४ मध्ये तिथे साडेअकरा मेगावॅटच्या पवनचक्क्या सुरू झाल्या. वारा जास्त असेल तेव्हा पाणी वरच्या तलावात चढवायचं, वारा पडला की ते खाली सोडून वीज घ्यायची. २०१९ मध्ये या बेटाने सलग २४ दिवस डिझेलशिवाय काढले. पण त्यामागे काय आहे ते पाहा: सातशे मीटर उंचीवरचं विवर, बारमाही वारा, सुमारे अकरा हजारांची कायम वस्ती आणि युरोपातला पैसा. एवढं असूनही वर्षभराच्या विजेतला मोठा वाटा आजही डिझेलचा आहे. लक्षद्वीपच्या सपाट बेटावर किंवा वीस खोल्यांच्या रिसॉर्टवर याची नक्कल होत नाही. कोणी दाखवलं तर कौतुक करून पुढच्या पानावर जावं.

राहिली मालदीवची वाट, म्हणजे प्रत्येक रिसॉर्टचं स्वतःचं वीजघर. खासगी गुंतवणूकदाराला प्रत्यक्षात हीच लागू पडते, म्हणून तिचा हिशेब जरा सावकाश करू.

वीस खोल्या, चाळीस पाहुणे, वीस कर्मचारी. एसी, स्वयंपाकघर, शीतपेट्या, लाँड्री आणि पाण्याचे पंप मिळून दिवसाला साधारण ६०० युनिट धरा. जनरेटर चांगल्या भारावर चालला तर एका लिटर डिझेलमधून तीन ते साडेतीन युनिट देतो. म्हणजे रोज सुमारे १८० लिटर, जवळपास एक पिंप. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर नुसत्या इंधनाचेच युनिटमागे २७ रुपये होतात. जहाजभाडं, गळती, ऑइल, मेकॅनिक हे वेगळं. शिवाय बहुतेकांची एक ठरलेली चूक असते: सगळा लोड एकदम आला तर काय, या भीतीने एकच मोठा जनरेटर घेतात. मग ऑफ-सीझनला चार खोल्या भरलेल्या असताना तो वीस-पंचवीस टक्के भारावर धूर ओकत बसतो, डिझेल जास्त पितो आणि लवकर बिघडतो. दोन लहान घ्या. जमल्यास तिसरा, अगदी छोटा, रात्रीसाठी.

हेच ६०० युनिट सोलरवर घ्यायचे तर आपल्या पट्ट्यात एका किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट धरता येतात. १५० किलोवॅट लागतील. किलोवॅटला शंभर चौरस फूट या हिशेबाने पंधरा हजार चौरस फूट, म्हणजे चौदा गुंठे जागा. बेटावर चौदा गुंठे मोकळी, सावलीविना जागा म्हणजे माड तोडणं आलं. ते करू नका. छपरं, बोटशेड आणि पाण्याच्या टाक्यांवरचे मांडव वापरून जेवढं बसेल तेवढं बसवा. निम्मं बसलं तरी डिझेल निम्म्यावर येतं. पावसाळ्यात सोलर झोपतं, ही तक्रार खरी. पण कोकणात आणि लक्षद्वीपमध्ये तेव्हा पाहुणेही नसतात. मालदीवमध्ये मात्र ढगाळ महिन्यांतही खोल्या भरलेल्या असतात, त्यामुळे तिथले बॅटरीचे आकडे उचलून इथे लावू नयेत.

एक गोष्ट जवळच्या बेटांबद्दल. 'शेजारच्या बेटावरून केबल ओढू' असा प्रस्ताव आला, तर केबलच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते आधी बघा. तिथेही डिझेलच जळत असेल, तर तुम्ही फक्त धूर लांब नेण्याचे पैसे देताय.

माझा निवाडा असा: राज्याच्या ग्रिडपासून दहा-बारा किलोमीटरच्या आत असाल आणि बारमाही वस्ती असेल तर केबलसाठी भांडा, वेळ लागला तरी. त्यापलीकडे सोलर व बॅटरी मुख्य आणि डिझेल मदतीला. निव्वळ डिझेल आज स्वस्त दिसतं, ते फक्त खरेदीच्या दिवशी.

पाणी

इथे यंत्रापेक्षा खडक महत्त्वाचा.

घारापुरी काळ्या कातळाची आहे. लेणी खोदणाऱ्यांनी त्याच कातळात पाण्याची टाकी खोदली. पाऊस कातळात धरता येतो, हे त्यांना ठाऊक होतं. मालवणच्या सिंधुदुर्गावर चहूबाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी गोड्या आहेत. कातळाच्या बेटावर पहिला पैसा जुनी टाकी आणि विहिरी साफ करण्यात, गळती बुजवण्यात घालावा. त्यातून जे पाणी मिळेल, तेवढं स्वस्त पाणी दुसरीकडून मिळणार नाही.

छपराच्या पाण्याचा हिशेबही करून पाहा. हजार चौरस मीटर छप्पर आणि दोन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातलं ऐंशी टक्के हाती लागलं, तर १६ लाख लिटर. पाहुण्यामागे २५० आणि कर्मचाऱ्यामागे १०० लिटर धरले, तर आपल्या रिसॉर्टची रोजची गरज १२ हजार लिटर. म्हणजे पागोळ्यांच्या पाण्यावर चार महिन्यांहून अधिक काळ निघतो. कागदावर! प्रत्यक्षात १६ लाख लिटर साठवायला वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि चार मीटर खोल टाकी लागते. कातळावर ती होईल. प्रवाळाच्या बेटावर दीड-दोन मीटर खणलं की पाणी लागतं, तिथे कुठली टाकी?

प्रवाळाच्या बेटावर निसर्गाने वेगळी सोय केली आहे. पावसाचं पाणी वाळूत झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगत राहतं. गोड्या पाण्याचा हा थर पातळ असतो. विहिरीला जोरकस पंप लावला की खालचं खारं पाणी वर खेचलं जातं आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर सुधारायला मग पुढचे पावसाळे जातात. जुन्या घरांतून पोहऱ्याने शेंदायचे, तेव्हा हा प्रश्न नव्हता. पाहुण्यांच्या शॉवरला लागणारं पाणी या थरातून उपसणं म्हणजे गावाच्या तोंडचं पाणी पळवणं. रिसॉर्टने गावाच्या थराला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग समुद्राचं पाणी गोडं करणं आलं. त्याच्या दोन रीती.

चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्तीला दिवसाला एक लाख लिटरचा प्रकल्प उभारला. वरचं कोमट, अठ्ठावीस अंशांच्या आसपासचं पाणी निर्वात टाकीत सोडलं की त्याची थोडी वाफ होते. साडेतीनशे-चारशे मीटर खोलीवरचं थंड, बारा अंशांचं पाणी नळाने वर आणून त्यावर ती वाफ थंड केली की गोडं पाणी मिळतं. पाणी गाळणारे पडदे नाहीत, रसायनं जवळपास नाहीत, आणि समुद्रात परत जाणारं पाणी फारसं खारट झालेलं नसतं. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प आले. कल्पेनी, कदमत यांसारख्या बेटांवर त्यानंतर दीड लाख लिटरचे. गावासाठी ही उत्तम सोय. पण त्यासाठी किनाऱ्यापासून काहीशे मीटरवर समुद्र एकदम खोल व्हावा लागतो. लक्षद्वीपला तो होतो. मुंबईसमोर तेवढ्या खोलीसाठी दोनशे किलोमीटरहून अधिक आत जावं लागेल. म्हणून कोकणातल्या बेटासाठी कोणी 'लक्षद्वीपसारखा प्रकल्प' सुचवला, तर तो विषय तिथेच संपतो. दुसरं म्हणजे पंपांना वीज लागते, आणि ती बेटावर बहुतांशी डिझेलचीच असते.

दुसरी रीत आरओ, म्हणजे खारं पाणी मोठ्या दाबाने बारीक पडद्यांतून गाळणं. आपल्या १२ हजार लिटरला लहान संयंत्रात, हजार लिटरमागे पाच युनिट धरून, साठ युनिट लागतील. ६०० मधले साठ. एसीच्या मानाने हे फार नाही, आणि यातच एक सोय आहे: आरओ दिवसा, सोलर भरात असताना चालवा आणि पाणी साठवून ठेवा. टाकी हीच बेटावरची सगळ्यांत स्वस्त बॅटरी. कटकटी दोन. एक, आत घेतलेल्या पाण्यातलं निम्म्याहून अधिक पाणी जास्त खारट होऊन बाहेर पडतं. ते लगूनमध्ये, म्हणजे बेट आणि प्रवाळभिंत यांमधल्या उथळ पाण्यात सोडलं, तर ज्या प्रवाळासाठी पाहुणे येतात ते प्रवाळच मरतं. नळ प्रवाळभिंतीपलीकडे नेण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात हवा. दोन, पाण्याचा गढूळपणा. लक्षद्वीपचं पाणी नितळ, पण मुंबई बंदरातल्या गाळ-तेलाच्या पाण्याने पडदे भराभर चोंदतात आणि आधीच्या गाळणीचा खर्च खूप वाढतो.

सगळं एकाच यंत्रावर टांगलं की काय होतं, ते मालदीवची राजधानी मालेने ४ डिसेंबर २०१४ ला पाहिलं. पाणी कंपनीच्या जनरेटरच्या नियंत्रण पॅनेलला आग लागली, गोडं पाणी करणारी संयंत्रं थांबली आणि सुमारे एक लाख लोकांच्या नळाला पाणी येईना. भारताने हवाई दलाच्या विमानांनी पाणी पोचवलं, पाठोपाठ आयएनएस सुकन्या आणि आयएनएस दीपक गेल्या. तुमच्या रिसॉर्टसाठी नौदल येणार नाही. पाच दिवसांचा साठा, म्हणजे साठ हजार लिटर, आणि उच्च दाबाचा एक पंप कपाटात तयार. यात काटकसर नको.

मैलापाणी आणि कचरा

कातळावर सेप्टिक टाकीचं पाणी फटींतून थेट समुद्रात किंवा खालच्या विहिरीत उतरतं. वाळूवर ते गोड्या पाण्याच्या त्याच पातळ थरात मिसळतं. शोषखड्डा ही मुख्य भूमीवर चालून जाणारी सोय प्रवाळाच्या बेटावर विषासारखी आहे. रिसॉर्टला बंदिस्त मैलापाणी शुद्धीकरण संयंत्र हवंच, आणि शुद्ध झालेलं पाणी फ्लशला व झाडांना वापरलं तर आरओवरचा भार लगेच हलका होतो. गावाच्या बाबतीत घरागणिक खड्ड्यांपेक्षा दहा-दहा घरांचं एकत्र संयंत्र बरं. मात्र ते चालवायला पगारी माणूस लागतो, आणि योजनांमध्ये नेमका तोच पगार नसतो.

घन कचऱ्यात घारापुरीचा प्रश्न सर्वांत सोपा, आणि म्हणूनच चिडवणारा. तिथे पाहुणा मुक्कामाला राहत नाही. बाटली, वेफर्सचं पाकीट, डबा सगळं गेटवेहून तासाभरात येतं आणि उरतं ते माकडांसाठी. तीच लाँच संध्याकाळी परत जाते. यंत्र, भट्टी, प्रकल्प कशाचीच गरज नाही. धक्क्यावर बाटलीमागे अनामत घ्या, परतताना द्या, आणि कचऱ्याची पोती परतीच्या बोटीत चढवा. बोटीचा परवाना देताना ही अट घालणं हे एवढंच काम.

मालदीवने उलट केलं. मालेजवळ थिलाफुशी नावाचं बेटच १९९२ पासून कचऱ्याने भरत नेलं. वर्षानुवर्षं तिथे उघड्यावर जाळपोळ चालली, ती २०२१ मध्ये थांबली. आता कचऱ्यापासून वीज करण्याचा मोठा प्रकल्प त्या जागी उभा राहतोय. दिवसाला शेकडो टन कचरा असलेल्या राजधानीला तो शोभतो. लहान बेटावर भट्टी विकायला येणाऱ्याला मात्र एकच विचारा: आमचा ओला कचरा, माशाची आतडी, कलिंगडाच्या साली, हे जाळायला डिझेल किती लागेल?

ओल्या कचऱ्यासाठी जवळचा नमुना माथेरानचा. तिथे बाहेरच्या मोटारगाड्या जात नाहीत, बराचसा माल डोक्यावर किंवा घोड्यावर चढतो, आणि सुट्टीच्या दिवशी हॉटेलांचं खरकटं गावाला पेलत नाही. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं निसर्गऋण बायोगॅस संयंत्र वापरलं गेलं. हे केंद्र घारापुरीच्या समोरच्या किनाऱ्यावर, तुर्भ्याला (ट्रॉम्बे) आहे. ओला कचरा बेटावरच जिरवायचा, वर काही गॅस मिळाला तर चांगलंच. सुका तेवढा परत पाठवायचा.

ग्रीसमधलं तिलोस, कायम वस्ती पाचशेच्या आसपास, तिथे २०२१ च्या अखेरीपासून घरोघरी जाऊन वर्गवारीने कचरा उचलतात आणि कचराभूमी बंद केली आहे. जमलं, कारण गोळा करणाऱ्याला पगार होता आणि माल नेणारी बोट ठरलेली होती.

पगार आणि बोट यांचे पैसे कुठून? मालदीव रिसॉर्टच्या पाहुण्याकडून दर रात्रीचा हरित कर घेतो: २०१५ पासून सहा डॉलर, जानेवारी २०२५ पासून बारा. आपल्याकडे पर्यटकाकडून दहा-वीस रुपये घ्यायला ग्रामपंचायती संकोचतात, आणि घेतले तरी ते सामान्य निधीत मिसळून जातात. कराचं खातं वेगळं ठेवा आणि धक्क्यावर फलकावर लिहा की या महिन्यात त्यातून काय झालं.

मग तुम्ही काय करावं?

कोकणातलं, किनाऱ्यालगतचं, दिवसभराच्या पर्यटनाचं बेट असेल तर पैसे लावण्याचा क्रम: परतीच्या बोटीतला कचरा, जुनी टाकी व विहिरी, मग केबल. आरओच्या फंदात शक्यतो पडू नका.

लांबचं प्रवाळबेट आणि गाव असेल तर मैलापाण्याचं एकत्र संयंत्र आधी, मग समुद्राच्या थंड पाण्यावरचा सरकारी प्रकल्प, आणि तोवर पावसाच्या टाक्या. सोलर टप्प्याटप्प्याने.

त्याच बेटावर खासगी रिसॉर्ट असेल तर स्वतःचा आरओ, बंदिस्त शुद्धीकरण, छपरावरचं सोलर, दोन लहान जनरेटर. यंत्रांच्या खरेदीइतकीच देखभालीची अट महत्त्वाची. विक्रेत्याचा माणूस चार दिवसांनी येणाऱ्या जहाजाने येणार असेल, तर त्याची हमी कागदापुरती आहे. बेटावरचाच एक मुलगा आयटीआयला पाठवून तयार करणं याहून स्वस्त पडतं. आणि वीस खोल्यांऐवजी बारा बांधल्या तर वरचे सगळे आकडे उतरतात, हाही पर्याय कागदावर मांडून पाहा. लक्षद्वीपच्या एकात्मिक बेट व्यवस्थापन आराखड्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती रवींद्रन समिती नेमली, ती बेटाला किती बांधकाम पेलेल या प्रश्नापोटीच.

करारावर सही करण्याआधी मे महिन्यात बेटावर जा. जुन्या विहिरीचं पाणी एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला वेगवेगळ्या बाटल्यांत भरा, क्षार आणि मैलाजन्य जंतू तपासायला द्या. दोन्ही अहवाल हातात आले की मगच सोलरवाल्याला कोटेशन विचारा.